रेल्वेच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा असेल तर

उरणजवळचं द्रोणागिरी असो की नागपूरजवळचं मिहान, मालगाडीने आलेला डबा (म्हणजे कंटेनर) ट्रेलरवर घ्यायचा, कारखान्यात किंवा बंदरात पोचवायचा आणि दुसरा घेऊन परत यायचं, एवढंच हे काम. हायवेवर मुरलेल्या ड्रायव्हरलाही सुरुवातीला ते जड जातं, कारण इथे चालवण्यापेक्षा थांबणं आणि खाली उतरून तपासणं जास्त. परवाना जड मालवाहू वाहनाचा आणि ट्रेलरला चालणारा हवा. धोकादायक रसायनांचा डबा न्यायचा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ खालचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्या.

घोडा (इंजिन आणि केबिनची पुढची गाडी) ट्रॉलीला (डबा ठेवायचा मागचा भाग) जोडताना घाई नको. रिव्हर्स घेताना ट्रॉलीची खालची प्लेट फिफ्थ व्हीलला (घोड्यावरची जोडणीची गोल तबकडी) हलकेच टेकत वर सरकली पाहिजे. ट्रॉली जास्त उंच राहिली तर किंगपिन (ट्रॉलीखालची जोडणीची जाड पिन) फिफ्थ व्हीलच्या जबड्यात न जाता वरच बसते. जोडलंय असं वाटतं आणि पहिल्या वळणावर ट्रॉली सुटते. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाका, जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का ते डोळ्यांनी बघा. मग लाल आणि पिवळा हवेचा पाइप आणि लाइटची वायर जोडा. ट्रॉलीचे ब्रेक लागलेले असतानाच लहान गिअरमध्ये घोडा हलका पुढे ओढून बघा. पकड पक्की असेल तरच ट्रॉलीचे पुढचे टेकूचे पाय वर घ्या. चालत्या गाडीचा लाल पाइप निसटला तर ट्रॉलीचे ब्रेक आपोआप जाम होतात, त्यामुळे त्याची पकड रोज तपासा.

गेटवर कागद आणि डबा जुळवणं तुमचंच काम आहे, क्लार्कवर सोडू नका. कंटेनर नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक तपासणी आकडा असतो. एक आकडा चुकला तरी गाडी बंदराच्या गेटवरून परत फिरते. दारावर आणि बाजूवर लिहिलेला नंबर एकच आहे ना, हेही बघा. भरलेल्या डब्याचं बोल्ट सील (दाराला लावलेलं नंबरचं लोखंडी सील) हाताने ओढून तपासा आणि सीलचा नंबर कागदाशी ताडा. निर्यातीच्या डब्यासाठी प्रमाणित वजनाचा कागद लागतो. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही.

रिकामा डबा घेताना आत जा, बाहेरच्या माणसाला सांगून दारं लावून घ्या आणि छताकडे, कोपऱ्यांकडे बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे, तिथून पाणी शिरून माल भिजणार. दाराचं रबर, फळीतले खिळे, उग्र वास, मोठे पोचे, जे दिसेल ते गेट पावतीवर लिहून घ्या आणि फोटो काढा. पावतीवर नोंद नसेल तर डबा परत देताना दुरुस्तीचा खर्च तुमच्या गाडीवर टाकला जातो. नव्या ड्रायव्हरचं नुकसान बहुतेक इथेच होतं.

आता सगळ्यात धोक्याची जागा: रीच स्टॅकरच्या, म्हणजे डबे उचलणाऱ्या मोठ्या मशीनच्या पुढ्यात. डबा उतरवायचा असेल तर चारही ट्विस्ट लॉक (डब्याचे कोपरे ट्रॉलीला पकडून ठेवणारी फिरती कुलपं) उघडा, पलीकडच्या बाजूचेसुद्धा. गंज किंवा चिखलाने एखादं लॉक अडकलं तर डब्याबरोबर ट्रॉलीही वर उचलली जाते, घोडा तिरका होतो आणि आत बसलेला माणूस जखमी होतो. ऑपरेटरला फूटभर उचलून थांबायला सांगा. चाक जमीन सोडतंय असं दिसलं की लगेच हात दाखवून थांबवा. केबिनमध्ये बसायचं की आखलेल्या जागी उभं राहायचं, हे त्या यार्डाच्या नियमाप्रमाणे. पण ट्रॉली आणि डब्यांच्या थप्पीच्या मध्ये कधीही नाही. लॉक नियमित साफ करून ग्रीस लावा.

डबा चढवताना चारही कोपरे लॉकवर नीट बसले का ते बघा. एक कोपरा दोन बोटं वर राहिला तर ‘बसेल रस्त्यात’ म्हणू नका, पुन्हा उचलायला लावा. ४० फुटी ट्रॉलीवर एकटा जड २० फुटी डबा मधोमध घ्या. तो अगदी मागे ठेवला तर किंगपिनवरचा भार कमी होतो, घोड्याच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ओल्या रस्त्यावर घोडा घसरतो. आत तेल किंवा रसायनाची मोठी पिशवी असेल तर वळणाच्या आधीच वेग मोडा. द्रव एका बाजूला धावतो, तेव्हा मारलेला ब्रेक उशिराचा ठरतो.

उंच प्रकारचा डबा २.९ मीटर उंचीचा. ट्रॉलीची उंची धरून साधारण साडेचार मीटर होतात आणि रेल्वे फाटकाची उंचीची कमान असते ४.६७ मीटरवर. ताडपत्री, दोर, काहीही वर राहू देऊ नका. रुळांवरच्या विजेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागायची गरज नाही, २ मीटरच्या आत आलात तरी झटका बसू शकतो. तारेखाली डब्यावर चढू नका, कितीही छोटं काम असलं तरी.

थांबण्याचा हिशोब रेकवर, म्हणजे डबे आणणाऱ्या अख्ख्या मालगाडीवर ठरतो. एका पूर्ण रेकला ४५ वॅगन, म्हणजे २० फुटी ९० डबे. रेक लागला की क्रेन आधी तिथे जातात आणि ट्रेलरची रांग तशीच उभी राहते. त्यामुळे निघण्याआधी यार्डात फोन करून रेक कधी लागणार ते विचारा. निर्यातीचा डबा असेल तर जहाजाच्या कट-ऑफची (डबा बंदरात पोचवायची शेवटची) वेळही मालकाकडून लेखी घ्या. पैसे फेरीवर असतील तर हॉल्टिंग (थांबण्याचे पैसे) किती तासांनंतर आणि किती, हे आधीच ठरवा. गेटच्या शिक्क्यावर आत जायची आणि बाहेर पडायची वेळ आहे ना ते बघून फोटो मालकाला लगेच पाठवा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. रात्रभर रांगेत बसल्यावर सकाळी लांबची फेरी नाकारायची असेल तर तुमची बाजू मांडायला त्या शिक्क्याच्या वेळाच कामी येतात.