शाळेत आपुलकी रुजवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या एखाद्या मराठी शाळेत प्रार्थनेच्या वेळी दयेवर सुविचार सांगितला जातो आणि तासाभरातच एखाद्या मुलाच्या कन्नड उच्चारावर सारा वर्ग हसतो. सुविचारात खोट नसते. मात्र तो आचरणात आणायला दिवसभरात कुठे जागाच ठेवलेली नसते, ही पहिली चूक. अशा वेळी वर्गावर रागावण्यापेक्षा कन्नड सराईतपणे बोलणाऱ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवावे आणि गणिताच्या तासाला, जमल्यास, शिकवणाऱ्याची भूमिका ज्याच्यावर वर्ग हसला त्या मुलाकडे द्यावी. मदत करणारा आणि घेणारा कायमचे ठरून गेले, की आपुलकीचा उपकार होतो.

मदतीचा समारंभ करणे ही दुसरी चूक. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना महापूर आला, तशा संकटानंतर वह्या-दप्तरे वाटताना मुलांना रांगेत उभे करून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. वस्तू वर्गातल्या कपाटात ठेवून, ज्याला हवी त्याने न विचारता घ्यावी, एवढी मोकळीक पुरते.

सर्वांत मोठी संधी मात्र आपण दुपारच्या जेवणात वाया घालवतो. कर्नाटकातल्या या योजनेचे नावच ‘अक्षर दासोह’ आहे, आणि दासोह हा शब्द बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे बसवेश्वर आणि त्यांच्यासोबतच्या शिवभक्तांच्या, परंपरेतला. मिळवलेले सर्वांसोबत वाटून खावे, ही त्यामागची भावना. असे असूनही, जिथे एकाच आवारात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळा भरतात, तिथे दोन्हीकडची मुले वेगवेगळ्या पंगतीत बसत असतील, तर त्या नावाला अर्थ उरत नाही. पंगत एकच असावी आणि वाढण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमानेच यावी. जागा झाडण्याची आणि भांडी उचलण्याची पाळीही त्याच क्रमाने लावावी, कारण ही कामे नेमकी कोणाच्या वाट्याला येतात, हे मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळते.

भांडणानंतर लगेच ‘सॉरी म्हण’ असे फर्मावू नये. नुकसान कसे भरून देणार, हे विचारावे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणणारे गुरुजी हे कलम विसरतात, आणि मधल्या सुट्टीत तोच शब्द मुलांच्या तोंडी ऐकू येतो.