पुरात राबलेल्या बाईची नोंद कशी घ्यायची: पहिल्यांदा क्षेत्रकामाला जाणाऱ्यांसाठी

आपत्ती व्यवस्थापन शिकणारी मुलंमुली मला विचारतात, 'महिलांचं योगदान' हा विषय प्रबंधाला घेऊ का? जरूर घ्या. फक्त सोपा म्हणून घेऊ नका.

माझं काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांवर झालं. कायदा, आराखडे, सेंदाई चौकट (आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार) तुम्ही वाचलेली असणार, त्यात शिरत नाही. माझं गाडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर. 'पुरात तुम्ही काय काम केलं?' असं विचारलं की बायका सांगायच्या, 'आमी काय केलंय? सगळं गड्यांनीच केलं.' तक्त्यात शून्य पडायचं. खुद्द बाईच्याच तोंडून आलेलं असल्यामुळे त्या शून्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही, मार्गदर्शकांच्याही नाही. घरातलं काम हे काम म्हणून मोजायची सवय तिलाही कुणी लावलेली नसते.

त्यापेक्षा तिला ती रात्र विचारा. पाणी अंगणात आलं तेव्हा कोण जागं होतं? म्हशीचं दावं कुणी सोडलं? सासूला कुणी हलवलं? रेशनकार्ड, पासबुक, बीपीच्या गोळ्या एका पिशवीत कुणी भरल्या? शाळेतल्या निवाऱ्यात पहिली चूल कुणी मांडली, तांदूळ कुठून आणला? पोरीबाळींच्या संडासाची सोय कुणी बघितली? पाणी ओसरल्यावर घरातला चिखल किती दिवस उपसला? मघाशी 'काही नाही' म्हणालेली तीच बाई मग थांबत नाही. तिचं हे बोलणं प्रबंधात 'घरगुती कामे' या मथळ्याखाली कोंबू नका. पूर्वसूचना, स्थलांतर, निवारा व्यवस्थापन असंच लिहा, कारण ते तेच आहे. आणि हे सगळं दुपारी, जेवणं उरकल्यावर, घरचे पुरुष शेजारी नसताना विचारा.

पहिल्या आठवड्यात वही कोरी राहिली तर घाबरू नका. ओळख व्हायला वेळ लागतो. मात्र आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर गूगल फॉर्म टाकून 'क्षेत्रकाम' उरकणार असाल तर हा विषय सोडून द्या. त्यांच्या डोक्यावर आधीच कामाचा ढीग असतो, आणि तुम्हाला मिळतील ती परत शून्यंच. 'जेंडरचं प्रकरण शेवटी जोडून टाका' असं सांगणारे मार्गदर्शकही भेटतील. त्यांचा मान राखा, पण हा सल्ला मानू नका. शेवटी जोडायचं ठरवलं की विचारायचे प्रश्न सुरुवातीलाच राहून जातात.

कागद कसे बोलतात तेही बघा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम १२ काढा. मदतीच्या किमान निकषांत विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद आहे, आणि ती हवीच. पण तिथे बाई दिसते ती मदत घेणारी म्हणून. मदत उभी करणारी बाई त्या कलमात नाही.

म्हणून किल्लारीचा अभ्यास केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे १०,००० माणसं गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. भिंत कशी बांधायची, अनुदान कसं मिळतं हे घरोघर समजावायचं आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, असं ते काम. कामाला पद मिळालं, म्हणून ते कागदावर राहिलं. २००१ च्या भूकंपानंतर यातल्या काही जणी कच्छमधल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. दखल म्हणजे मला ही वाटते. ८ मार्चला साडी-नारळ देऊन फोटो काढला म्हणून पुढच्या पुराच्या आराखड्यात कुणाचं नाव चढत नाही, आणि याचा मला खरंच संताप येतो.

तेव्हा प्रबंध विद्यापीठात जमा केलात की थांबू नका. कुठल्या गल्लीत कोण जागं करते, जनावरं कोण सोडते, निवाऱ्यातलं स्वयंपाकघर कोण चालवते याची दोन पानी यादी, त्या बायकांना विचारून, त्यांच्या नावानिशी करा. ती ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. गावाच्या आपत्ती आराखड्यात ही नावं जबाबदारीसकट घालावीत, असा लेखी अर्ज सोबत जोडा. हे मे महिन्यातच करा. पाऊस सुरू झाला की ते कागद वाचायला कुणालाच सवड नसते.