घाई केली की मॅच जाते: ब्लड बाऊलमधला माझा अनुभव

सात रस्त्याजवळ मित्राच्या गच्चीवर दर रविवारी ब्लड बाऊल (अमेरिकन फुटबॉलसारखा, बाहुल्या अन् फाशांचा बोर्ड गेम) चालतं, माझी टीम स्केव्हन म्हणजे उंदीर, त्याचे ऑर्क म्हणजे दांडगे राक्षस. माझा गटर रनर (पळणारा उंदीर) एका टर्नला ९ घरं पळतो त्यामुळे बॉल हातात आला की तिसऱ्या टर्नलाच टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाला नेला की होणारा गोल), आणि मी खूष. पण हाफ ८ टर्नचा असतो ना, उरलेल्या टर्नमध्ये हा गडी बॉलवाल्याच्या चार कोपऱ्यांना चार ऑर्क लावून पिंजरा करायचा, माझे उंदीर तुडवत निवांत पुढं यायचा अन् आठव्या टर्नला बरोबरी. वर म्हणतो, "का बे, एवढी कसली घाई?"

मग त्याला टर्न उरू नयेत म्हणून मी माझ्या बॉलवाल्याला एंडझोनच्या (टचडाऊनच्या पट्ट्याच्या) अलीकडं, ऑर्कच्या टप्प्यात येणार नाही असा थांबवायला लागलो, जवळ एखादा आला की तेव्हाच आत. दुसरं म्हणजे बिनफाशाच्या चाली आधी, फासा टाकायची चाल शेवटी, कारण आपला खेळाडू पडला की टर्नओव्हर, म्हणजे टर्न तिथंच संपला. ठरलेल्यापेक्षा दोन जादा घरं पळायचा मोह पण सोडला, प्रत्येक जादा घराला फासा, दोन्ही वेळा १ टाळायचा म्हणजे ३६ पैकी ११ वेळा तोंडावरच.

गेल्या रविवारी २-१. शेंगाचटणी-भाकरी त्याच्याकडून वसूल केली.