साठ गुण, पण किती शॉटमध्ये? बास्केटबॉलपटूचं आक्रमण आकड्यांत कसं जोखावं

१४ एप्रिल २०१६च्या सकाळी आपल्याकडे आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. अमेरिकेत अजून १३ तारखेची रात्र सुरू होती आणि लॉस एंजेलिसमध्ये कोबी ब्रायंट कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळत होता. युटा जॅझविरुद्ध त्यानं ६० गुण केले, त्यातले २३ शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि त्याच्या लेकर्स संघानं सामना १०१-९६ असा काढला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसननं इंडियाना पेसर्सविरुद्ध बरोबर तेवढेच, ६० गुण केले.

मग दोघं सारखेच खेळले का? क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही हे विचारा. तो उलट विचारेल, "किती चेंडूंत?" इथेही प्रश्न तोच आहे. कोबीनं ५० शॉट मारले, क्लेनं ३३.

आधी एक ओळ उतरवून घ्या

सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूवार आकड्यांचा तक्ता, उघडा आणि खेळाडूच्या नावापुढचे एवढेच आकडे वहीत घ्या: मिनिटं, शॉट, थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट), आक्रमणातले रिबाउंड (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटचा परत मिळवलेला चेंडू), असिस्ट (ज्यावर बास्केट झाली तो पास), टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू). नेमबाजीपुरतं आपलं उदाहरण असं:

कोबी: ४२ मिनिटं, ५० पैकी २२ शॉट, त्यात २१ पैकी ६ थ्री, फ्री थ्रो १२ पैकी १०.
क्ले: २९ मिनिटं, ३३ पैकी २१ शॉट, त्यात १४ पैकी ८ थ्री, फ्री थ्रो ११ पैकी १०.

शॉटांच्या आकड्यात थ्री आधीच धरलेले असतात. नवखा माणूस ते पुन्हा मिळवतो आणि गणित तिथेच फसतं.

साध्या टक्केवारीवर थांबू नका

साध्या हिशेबानं कोबी ४४ टक्के, क्ले ६४ टक्के. पण या हिशेबाला दोनची आणि तीनची बास्केट सारखीच दिसते. एकानं दोनचे दहा शॉट मारून पाच घातले, गुण १०. दुसऱ्यानं थ्रीचे दहा मारून चार घातले, गुण १२. टक्केवारी बघाल तर पहिला सरस वाटेल. म्हणून घातलेला प्रत्येक थ्री दीड शॉट धरायचा: घातलेल्या एकूण शॉटांत थ्रींची निम्मी संख्या मिळवा आणि मारलेल्या शॉटांनी भागा. कोबीचे २२ अधिक ३, भागिले ५०, म्हणजे ५० टक्के. क्लेचे २१ अधिक ४, भागिले ३३, म्हणजे ७६ टक्के.

मग फ्री थ्रो हिशेबात घ्या

एकच आकडा काढायचा असेल तर हा काढा. इंग्रजीत याला 'ट्रू शूटिंग' म्हणतात. मारलेल्या फ्री थ्रोंना ०.४४ नं गुणा, त्यात मारलेले शॉट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिनं भागा.

०.४४ कुठून आलं? फाउल झाला की बहुतेक वेळा दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे एक फ्री थ्रो म्हणजे अर्धी संधी. पण कधी बास्केट होऊनही वर एक जादा फ्री थ्रो मिळतो, कधी टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या चुकीचा) एकच मिळतो, थ्री मारताना फाउल झाला तर तीन मिळतात. हे सगळं धरून आकडा अर्ध्याच्या जरा खाली येतो. हा अंदाज आहे, पण चांगला चालतो.

कोबी: १२ गुणिले ०.४४ म्हणजे ५.२८, त्यात ५० मिळवून ५५.२८, दुप्पट ११०.५६. साठला यानं भागलं की ५४.३ टक्के.
क्ले: ११ गुणिले ०.४४ म्हणजे ४.८४, त्यात ३३ मिळवून ३७.८४, दुप्पट ७५.६८. उत्तर ७९.३ टक्के.

कोबी खेळला त्या हंगामात एनबीएची, म्हणजे या संघांच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, सरासरी सुमारे ५४ टक्के होती. म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारी ती रात्र नेमबाजीच्या हिशेबानं चारचौघांसारखीच होती! मी कोबीचा चाहता, पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं.

ओझं किती उचललं ते बघा

पण इथे थांबलात तर कोबीवर अन्याय होईल. खेळाडू कोर्टवर असताना संघाच्या किती संधी त्याच्या हातात संपल्या, हेही मोजावं लागतं. त्याचे शॉट, फ्री थ्रोंचे ०.४४ पट आणि टर्नओव्हर यांची बेरीज करा आणि तेवढ्याच वेळातल्या संघाच्या तशाच बेरजेनं भागा. कोर्टवर पाच जण, म्हणून सरासरी वाटा २० टक्के. वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला की ओझं खरंच जड. त्या रात्री लेकर्सच्या १०१ पैकी ६० गुण एकट्या ३७ वर्षांच्या माणसाचे होते, आणि संघ हंगामात ८२ पैकी १७ सामने जिंकलेला. सहकारी चेंडू त्यालाच आणून देत होते, हे खरं. पण समोरच्यांनाही शॉट कोण मारणार ते ठाऊक होतं. एवढं ओझं घेऊन सरासरी टिकवणं सोपं नाही.

उलट क्लेनं ते ६० गुण जेमतेम ११ ड्रिबलमध्ये (चेंडू ११ वेळा जमिनीवर आपटून) केले, चेंडू त्याच्या हातात सगळा मिळून सुमारे दीड मिनिट होता. म्हणजे पास देणारे आणि स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून, त्याला मोकळं करणारे दुसरेच होते. ते श्रेय त्याच्या ७९ टक्क्यांत कुठेच दिसत नाही.

असिस्ट, टर्नओव्हर, रिबाउंड

टर्नओव्हर चुकलेल्या शॉटपेक्षा वाईट, कारण चुकलेला शॉट निदान रिबाउंडमध्ये परत मिळू शकतो. चेंडू चालवणाऱ्या गार्डचे असिस्ट टर्नओव्हरच्या दुपटीहून कमी असतील तर मी भुवई उंचावतो. आक्रमणातला प्रत्येक रिबाउंड ही संघाला मिळालेली नवी संधी; ती जमेच्या बाजूला मांडा.

दहा सामन्यांचा हिशेब करा

एका रात्रीवरून माणूस ठरत नाही. मात्र दहा सामन्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. एका सामन्यात १ पैकी १, दुसऱ्यात १६ पैकी ४: सरासरी ६२.५ टक्के येईल, खरं उत्तर १७ पैकी ५, म्हणजे २९. आधी बेरजा, मग भागाकार.

आपल्या मैदानावर

स्थानिक सामन्यांच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात, चुकलेले शॉट नसतात. ते आपणच टिपायचे. एका वेळी एकच खेळाडू धरा. बास्केट झाली की बरोबरची खूण, चुकली की फुली. एक नियम पक्का लक्षात ठेवा: शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो शॉट मोजत नाहीत, फक्त फ्री थ्रो मोजतात.

माझ्या भाचीच्या शाळेच्या सामन्यात मी असाच वही घेऊन बसलो होतो. तिचे १४ गुण, १९ शॉट, ४ फ्री थ्रो. ट्रू शूटिंग ३४ टक्के. सामना संपल्यावर वही तिच्याकडे दिली. गुणांकडे तिनं पाहिलंही नाही, फुल्यांवरून बोट फिरवत गेली आणि एकीवर थांबली.

"मामा, ही खोटी आहे. इथे मला फाउल झाला होता."

बरोबर होतं तिचं. फुली खोडली, १९चे १८ शॉट झाले, ३४चे ३५ टक्के.