हँडब्रेक लागत नाही? वायर आवळण्याआधी ड्रम उघडा

चढावर हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळू लागली, की बहुतेक ठिकाणी लिव्हरपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी वायर आवळून दिली जाते. काम पाच मिनिटांचं, आणि लिव्हर लगेच कडक लागतो. दुखणं मात्र बहुधा मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यात असतं. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे लायनर झिजले की त्यांचं ड्रमपासूनचं अंतर वाढतं. हे अंतर आपोआप भरून काढायला आत एक ॲडजस्टर असतो. वायर आवळली की तो अर्धवट ओढलेल्या अवस्थेत अडकतो आणि काम करेनासा होतो. म्हणून आधी ड्रम, मग वायर.

आधी परीक्षा. लिव्हर ओढताना येणारे ‘टक’ मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत 5 ते 8 टकांत हँडब्रेक पूर्ण लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. टक जास्त होत असतील, तर लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टर जाम आहे. टक बरोबर असूनही गाडी थांबत नसेल, तर लायनरवर तेल आलंय किंवा एका बाजूची वायर अडकलीय.

आता काम (मागे ड्रम आणि साधा वायरचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांसाठी):

1. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागच्या चाकांचे नट किंचित सैल करून गाडी उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

2. हँडब्रेक खाली सोडा आणि लिव्हरजवळचा ॲडजस्टिंग नट सैल करा. चाकं काढून ड्रम ओढा. निघत नसेल तर बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात; त्यांत योग्य मापाचे बोल्ट, बहुतेक वेळा 8 मिमीचे, आलटून पालटून आवळले की ड्रम सुटतो. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि ड्रम एकसंध असेल, तर मधला नट ठरावीक ताकदीनेच आवळावा लागतो. ते काम गॅरेजवर सोपवा.

3. आतली धूळ हवेने किंवा तोंडाने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर फवारून पुसा. लायनर 1 मिमीपर्यंत आला असेल, तर दोन्ही चाकांचा सेट बदला. पेडल दाबल्यावर लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर हलकेच उचलून पाहा. आत ब्रेक ऑइल दिसलं तर आधी सिलिंडर दुरुस्त करा. तेल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने घासून सुधारत नाही. ॲडजस्टरचे आटे साफ करून त्यांना ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ लावा.

4. दोन्ही ड्रम बसवल्याशिवाय ब्रेकचं पेडल दाबू नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. ड्रम बसले की हँडब्रेक खालीच ठेवून पेडल 10-15 वेळा दाबा, म्हणजे लायनर जवळ येतात. काही गाड्यांत मात्र ॲडजस्टर हातानेच फिरवावा लागतो.

5. आता वायरचा नट आवळा. ठरलेल्या टकांत दोन्ही चाकं हाताने फिरायची थांबली पाहिजेत, आणि लिव्हर सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत. चाक घासत असेल तर नट अर्धा फेरा सैल करा.

पावसाळ्यात उलट तक्रार येते, हँडब्रेक सुटतच नाही. कोकणात ओली गाडी हँडब्रेक ओढून चार-पाच दिवस उभी राहिली, की लायनर गंजून ड्रमला चिकटतो. ॲक्सिलरेटर रेटू नका. गाडी हळूच रिव्हर्समध्ये, मग पुढे हलवा. बहुधा मोठा ‘टक’ आवाज होऊन चाक सुटतं. चालवल्यावर एकच मागचं चाक जास्त तापत असेल, तर चाक उचलून वायरचा नट सैल करा. चाक मोकळं झालं तर वायर दोषी, नाही झालं तर ड्रमच्या आत बिघाड. वायरच्या आवरणात पाणी शिरून गंज धरला असेल, तर तेल सोडून काही दिवसच निभतं. वायर बदलाच.

म्हणून सपाट जागी जास्त दिवस गाडी ठेवताना हँडब्रेक सोडून पहिला गिअर टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर यातलं काहीच करू नका. त्याचा पिस्टन स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या सर्व्हिस मोडनेच मागे घ्यायचा असतो. जोर लावून दाबला तर आतली मोटर आणि गिअर मोडतात.

आणि लिव्हर पूर्ण खाली असूनही मीटरवरचा लाल दिवा पेटलेला राहिला, तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक आणि कमी ब्रेक ऑइल, दोन्हींसाठी तोच दिवा असतो. तेल ‘मिन’च्या खाली गेलं असेल, तर नुसतं भरून गाडी बाहेर काढू नका, लायनर-पॅड किती झिजलेत आणि गळती कुठे आहे, ते आधी पाहा.