प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा: ती बाई त्याची बहीण निघाली, बरं मग?

नवख्या लेखकाच्या प्रेमकथेत साधारण मध्यावर एक प्रसंग हमखास सापडतो. नायक एका अनोळखी बाईशी हसत-बोलत उभा असतो, नायिका ते बघते आणि आल्या पावली परत फिरते. त्याचे फोन घेत नाही. मग दोघंही झुरतात, आणि शेवटी कळतं की ती बाई त्याची बहीण होती!

अशा ६०,००० शब्दांच्या हस्तलिखिताचा हिशेब मांडून बघा. भेट आणि जवळीक यात २५,००० शब्द जातात, अबोल्यात २०,०००. या २०,००० शब्दांत काही घडूच शकत नाही, कारण दोघं बोलली की गोष्ट संपते. म्हणून लेखक त्यांना बोलू देत नाही. कधी बॅटरी संपते, कधी चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, कधी मैत्रीण निरोप द्यायला विसरते. पहिला योगायोग वाचक पचवतो. तिसऱ्याला तो नायिकेवर चिडतो, आणि पाचव्याला लेखकावर.

लिहायला बसण्याआधी एक कसोटी लावायची. दोघांना मनातल्या मनात एका खोलीत कोंडा, १० मिनिटं द्या आणि सगळं खरं बोलायला लावा. बाहेर आल्यावर पेच सुटलेला असेल, तर तुमच्याकडे अडथळा नव्हता, नुसता गैरसमज होता.

बहिणीच्या प्रसंगावर फारच जीव जडला असेल तर तो ठेवा, पण पुढच्याच प्रकरणात उलगडा करा. मग विचारा, तिने इतक्या पटकन विश्वास का ठेवला? समजा, आधीच्या नात्यात तिने प्रश्न विचारले तेव्हा तिला संशयी ठरवलं गेलं, म्हणून आता ती विचारण्याआधीच निघून जाते. त्याला मात्र न बोलता निघून जाणारी माणसं सहन होत नाहीत. आता बहिणीचा खुलासा झाला तरी ‘मला एकदा विचारलं का नाहीस?’ हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर १० मिनिटांत देता येत नाही.

१८१३ साली आलेल्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ६१ प्रकरणं आहेत. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिली मागणी घालतो ३४व्यात आणि नकार घेऊन जातो. ३५व्यात त्याचं पत्र येतं आणि मोठे गैरसमज तिथेच फिटायला लागतात. तरी पुढे २६ प्रकरणं उरतात, कारण आता एलिझाबेथला स्वतःच्याच निवाड्याची लाज वाटते आणि डार्सीला आपली घमेंड उतरवायची असते. ‘या प्रकारात सगळं साच्यातलंच असतं’ म्हणणाऱ्यांनी ही मांडणी पेन्सिल घेऊन वाचावी. शेवट गोड किंवा निदान आशेचा असणार, एवढंच वाचकाला आधी ठाऊक असतं. तो कसा येणार, यासाठी तो पानं उलटतो. शोकान्त केल्याने कथा आपोआप थोर होत नाही. शोकान्त जरूर लिहा, पण मुखपृष्ठावर गोड शेवटाचं आमिष दाखवू नका.

दुसरी चूक दिसायला किरकोळ, पण तणाव मारून टाकणारी:

‘तिच्या हाताचा स्पर्श होताच त्याच्या अंगातून शिरशिरी गेली. त्याला कळलं असेल का, या विचाराने ती लाजली. किती सुंदर दिसतेय ही, त्याला वाटलं.’

तीन वाक्यांत निवेदन त्याच्या डोक्यातून तिच्या डोक्यात आणि परत. दोघंही भाळलेली आहेत हे वाचकाला कळून चुकलं. आता वाट कशाची बघायची? एका प्रसंगात एकाच मनात राहा. कोणाच्या? त्या प्रसंगात ज्याचं जास्त पणाला लागलंय त्याच्या. तोच प्रसंग फक्त तिच्याकडून:

‘कप देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. त्याने कप घेतला, टेबलावर ठेवला आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं. पान मात्र उलटलं नाही.’

त्या न उलटलेल्या पानावर ती रात्रभर विचार करेल, आणि तिच्याबरोबर वाचकही. बाजू बदलायचीच असेल तर प्रसंग संपवून, एक ओळ मोकळी सोडून बदला.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती एक हुकमी पत्ता आहे आणि बहुतेक जण तो पहिल्याच प्रकरणात फुकट घालवतात: ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. कामानिमित्त भेटलेली दोन मोठी माणसं दुसऱ्या पानावर अरे-तुरे करायला लागली, की जवळीक दाखवायचं सगळ्यात स्वस्त साधन गेलं. ‘तुम्ही’ जपून ठेवा. तोल सुटण्याच्या क्षणी, शक्यतो भांडणात, एकाच्या तोंडून ‘तू’ निसटू द्या आणि पुढच्या वाक्यात त्याला परत ‘तुम्ही’वर आणा. असं ‘तू’ तीन पानांच्या कबुलीजबाबापेक्षा जास्त बोलतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. नायिकेला आरशासमोर उभी करून वर्णन उरकू नका. नाव माहीत असताना ‘तो उंच तरुण’ लिहू नका. दोघांची गाठ पहिल्या दहाव्या हिश्श्यात पडलीच पाहिजे, ६०,००० शब्दांत म्हणजे ६,०००च्या आत. दुसरी बाई दुष्ट असलीच पाहिजे असं नाही, उलट ती चांगली असेल तर नायकाची निवड अवघड होते. आणि ‘नाही’ म्हटल्यावरही मागे लागणारा नायक प्रेमवेडा नसतो, त्रासदायक असतो. हा प्रकार गोंडस करून लिहिणं कृपया थांबवा.

उतावळ्यांची चूक मात्र शेवटाकडे सापडते. साधारण ४५,००० शब्दांच्या आसपास दोघं तुटतात, तिथवर लेखक दमलेला असतो. मग दोन पानांत धावत जाणं, मिठी, समाप्त. तुटण्याला एक पूर्ण प्रकरण दिलं असेल तर जुळण्याला निदान दोन द्या. पहिल्यात चूक करणाऱ्याने काहीतरी गमवावं, आणि तेही समोरचं माणूस परत येईल याची खात्री नसताना. वरच्या उदाहरणात तिने फक्त माफी मागून भागणार नाही. पुढच्या वेळी संशय आला की तिने दारातून परत फिरायचं नाही. आत जायचं, खुर्ची ओढायची आणि विचारायचं.