कुत्र्याची नखं ग्राइंडरने घासताय? या चुका टाळा

ग्राइंडर, म्हणजे फिरत्या पॉलिश पेपरने नख घासणारं छोटं मशीन, आणला की रक्त निघायची भीतीच गेली, असं समजून मशीन मागवणारे बरेच असतात. क्लिपरच्या एका दाबात नखाचा तुकडा पडतो, ग्राइंडरने नख थोडं थोडं झिजतं, आणि चूक व्हायच्या आत हात थांबवायला वेळ मिळतो. फायदा एवढाच. बदल्यात क्लिपरला नसलेले तीन त्रास हे मशीन घेऊन येतं: आवाज, कंप आणि उष्णता. कुत्रा या तिन्हींची तक्रार एकाच पद्धतीने करतो. पाय ओढून घेतो. मग घरात ठरतं की आमचा बंड्या नाटकी आहे, आणि पुढच्या वेळी एक जण धरायला आणि एक जण घासायला बसतो.

धरून बसवण्याआधी तो पाय नेमका कधी ओढतो, ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पाय कधी ओढला?

मशीन बंदच आहे, तुम्ही फक्त पंजा हातात घेतलाय आणि तो मागे सरकला, तर ग्राइंडरचा काही दोष नाही. त्याला पंजाला हात लावलेलाच आवडत नाही. मोठेपणी रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्र्यांमध्ये हे हमखास दिसतं, आणि लहानपणापासून लाडात वाढलेल्या लॅब्राडोरमध्येही. यावर मशीन बदलून उपयोग नाही. संध्याकाळी टीव्ही बघताना पंजा घ्या, एखादं बोट हलकेच दाबा, खाऊ द्या, सोडा. काही दिवस एवढंच. हे कंटाळवाणं काम टाळणारेच पुढे महागडे ‘सायलेंट’ ग्राइंडर शोधत बसतात.

मशीन सुरू होताच उठून गेला, तर आवाज. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्या कानाला ‘काहीच आवाज नाही’ वाटणाऱ्या छोट्या मोटरची बारीक किणकिण त्याला आपल्यापेक्षा बरीच जास्त ऐकू येत असणार. मशीन दुसऱ्या खोलीत सुरू ठेवा आणि त्याला जेवण इकडे द्या. अंतर रोज थोडं कमी करा. यात एक क्रम सांभाळायचा असतो: आधी आवाज, मग खाऊ. बरेच जण आधी खाऊ दाखवतात आणि तो जवळ आला की बटण दाबतात. दोन-चार वेळा असं झालं की कुत्रा उकडलेल्या चिकनकडेही संशयाने बघू लागतो. आणि ही सवय लावायला दिवाळीचा आठवडा निवडू नका, फटाक्यांनी तो आधीच कावलेला असतो.

मशीन नखाला टेकताक्षणी ओढला, तर कंप. बोट अधांतरी धरलं की नख थरथरतं आणि ती थरथर हाडापर्यंत जाते. बोटाच्या गादीखाली आपलं बोट, वरून अंगठा, आणि पकड नखाच्या मुळाजवळ. घट्ट आवळायचं नाही, पण हलूही द्यायचं नाही. घासायला लागण्याआधी चालू मशीनची मागची बाजू, म्हणजे नुसती बॉडी, त्याच्या पायाला लावून कंपाची ओळख करून द्या. काही मशीनवर भोक असलेली प्लॅस्टिकची टोपी येते. नख त्या भोकात घातलं की ते कडांवर आपटून आणखी थरथरतं आणि आपल्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. मी ती टोपी काढूनच ठेवायला सांगतो.

टेकल्यावर दोन-तीन सेकंद शांत राहिला आणि मग झटक्यात ओढला, तर उष्णता. ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

चटका लागतो तो असा

फिरता पॉलिश पेपर एकाच जागी टेकवून ठेवला की घर्षणाने नख तापतं. नखाच्या बाहेरच्या कवचाला संवेदना नसते, पण आत जिव्हाळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि उष्णता तिथवर पोचते. रक्ताचा थेंबही दिसत नाही, त्यामुळे आपल्याला काही झालंय असं वाटतच नाही. कुत्र्याच्या मात्र ते पक्कं लक्षात राहतं.

मशीन स्वतःच्या अंगठ्याच्या नखाच्या टोकाला सेकंदभर लावून बघा. मग जरा दाबून, थोडा जास्त वेळ. फरक लगेच कळतो, आणि कुत्रा काय सांगत होता तेही.

उपाय सोपा आहे. एक-दोन सेकंद टेकवायचं, उचलायचं, जागा बदलायची. एक नख संपवून मग दुसरं, असं न करता चारही नखांवरून फिरत राहायचं, म्हणजे पहिल्याकडे परत येईपर्यंत ते गार झालेलं असतं. दाब द्यायचा नाही, पेपरला त्याचं काम करू द्यायचं. दाबल्याने काम लवकर होत नाही, फक्त मोटर अडते आणि नख तापतं. केस जळल्यासारखा थोडा वास येणारच, केस आणि नख दोन्ही केराटिनचेच. वास उग्र झाला तर मात्र थांबा.

वेगाबद्दल दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. घरात सुतारकामाचं रोटरी टूल असतं, तेच कुत्र्याला वापरावं असं कुणाला तरी सुचतं. अशी काही टूल मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वर जातात, आणि त्या वेगात नख चटकन तापतं. वापरायचंच असेल तर वेग अगदी खाली आणता यायला हवा. याउलट काही जण घाबरून सगळ्यात कमी वेगावर मशीन ठेवतात आणि मग काम होत नाही म्हणून दाबतात. जाड नखाच्या जर्मन शेफर्डला मधला वेग बरा पडतो. सवय मात्र कमी वेगावरच लावायची.

झिजलेला पेपर हे तापण्याचं आणखी एक कारण, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. खरखरीतपणा गेला की पेपर नख कापत नाही, नुसतं घासून तापवतो. बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागला तर बदला. पेपरऐवजी डायमंड बिट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेलं धातूचं फिरतं टोक, असेल तर तो झिजण्याआधी भुकटीने बुजतो. जुन्या टूथब्रशने साफ केला की पुन्हा चालतो. ओल्या नखाची भुकटी चिकट होते आणि बिट लवकर बुजतो, म्हणून आंघोळीनंतर लगेच घासायला बसू नका. क्लिपरला ओलं, मऊ पडलेलं नख सोपं जातं. ग्राइंडरला कोरडं लागतं.

काळी नखं आणि ‘अजून थोडं’

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. तिच्या दोनेक मिलिमीटर आधी थांबायचं, विषय संपला. काळ्या नखात बाहेरून काही दिसत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कुत्र्यांची नखं काळीच असतात. दोन खुणा उपयोगी पडतात. नख उलटं करून खालून बघा. टोकाकडच्या वळलेल्या भागाला खालच्या बाजूने पोकळ पन्हळ असते, आणि ती जिथे भरीव होत जाते तिथून पुढे सांभाळायचं. दुसरी खूण घासताना समोरून दिसते. सुरुवातीला टोक कोरडं, भुरकट दिसतं, आणि मग मधोमध एक गोल ठिपका उमटतो, थोडा गडद आणि ओलसर चमकणारा. ठिपका दिसला की थांबायचं. ‘अजून थोडं’ म्हणून पुढे गेलात की रक्त.

नखं फार वाढलेली असतील तर जिव्हाळीही पुढे आलेली असते. अशा वेळी एका बैठकीत नख छोटं करायचा हट्ट धरू नका. आठवड्यातून एकदा ठिपक्यापर्यंत घासा, जिव्हाळी हळूहळू मागे सरकते, आणि मग पुढच्या वेळी आणखी थोडं घेता येतं. फरशीवर चालताना टकटक आवाज येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांचा दिवस गुळगुळीत टाइल्सवर जातो. तिथे नखं झिजत नाहीत, आणि लांब नखांमुळे पाय घसरतात ते वेगळंच. डांबरी रस्त्यावर रोज भरपूर चालणाऱ्या कुत्र्याला ग्राइंडरची गरज क्वचितच लागते.

त्यालाही एक अपवाद आहे. पुढच्या पायांना आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही. कितीही चाललं तरी ते झिजत नाही, आणि केसाळ कुत्र्यात तर ते दिसतही नाही. वाढत वाढत ते गोल फिरतं आणि मांसात घुसतं. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असं नख असतं, तेही चाचपून बघा.

केस, पदर आणि पाय धरायची दिशा

फिरत्या दांड्यात केस गुंडाळला गेला तर तो मुळासकट खेचला जातो. शिह त्झू, गोल्डन, पॉमेरियन यांच्या बोटांमधले केस आधी कापा. जमत नसेल तर बायकांचा जुना पातळ नायलॉनचा मोजा पंजावर चढवा आणि नखं त्यातून आरपार बाहेर काढा. केस आत राहतात, नखं तेवढी उघडी. आपले मोकळे केस, ओढणी, पदर यांनाही हाच नियम. आणि कुत्र्याची शेपूट कुठे आहे ते बघून घ्या.

नखाची भुकटी बारीक असते आणि डोळ्यांत, नाकात जाते. मास्क आणि चष्मा लावा, गॅलरीत बसा, वरचा पंखा बंद ठेवा.

पाय बाजूला बाहेरच्या दिशेने ओढू नका. कुत्र्याचे पाय पुढे-मागे हलायला बनलेत, बाजूला ताणले की खांद्यावर आणि खुब्यावर ताण येतो. म्हातारा किंवा सांधे दुखणारा कुत्रा तर लगेच विरोध करतो, आणि आपण तो राग ग्राइंडरवरचा समजतो. पाय मनगटातून मागे दुमडा, म्हणजे पंजाचा तळ वर येतो आणि नखं खालून नीट दिसतात. मोठ्या कुत्र्याला कुशीवर झोपवून जास्त बरं जमतं.

सगळ्या नखांपैकी एकाच बोटाला हात लावू देत नसेल, तर तिथे काहीतरी दुखतंय. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात ओल राहून बुरशी होते आणि कुत्रा तो पाय सारखा चाटत बसतो. आधी त्याचा इलाज, नखं नंतर.

मशीन मध्येच बंद पडतं

बॅटरी गेली असं वाटून लोक मशीन परत पाठवतात. आधी दाब कमी करून बघा. बऱ्याच छोट्या ग्राइंडरची मोटर जास्त दाबाखाली अडून बंद पडते. मग बिट काढून दांड्याभोवती केस अडकलेत का ते बघा. पेपरची नळी जागेवरच फिरत असेल तर तिच्या टोकाचा स्क्रू आवळा. चार्जिंगची वायर लावून घासू नका, कुत्र्याच्या एका झटक्यात वायर आणि मशीन दोन्ही खाली येतात.

रक्त आलंच तर

ओरडू नका, मशीन बंद करा. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर दुकानात मिळते. घरात दाढीची तुरटी असेल तर ती आधीच कुटून, चाळून डबीत भरून ठेवा. कुत्रा कडेवर आणि रक्त फरशीवर अशा वेळी खलबत्ता शोधणं जमत नाही. चिमूटभर पावडर नखाच्या टोकाला लावून स्वच्छ कापडाने काही मिनिटं सलग दाबून धरा. दर दहा सेकंदांनी उचलून बघितलं तर गुठळी बनत नाही. तुरटी झोंबते, हे लक्षात असू द्या, आणि ती चाटू देऊ नका. दोन्ही नसेल तर कॉर्नफ्लॉवर. नंतर थोडा वेळ खेळायला किंवा फिरायला नेऊ नका.

वीस-पंचवीस मिनिटं दाबूनही रक्त वाहत राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण गोचीड ताप. त्यात रक्तातले प्लेटलेट घटतात आणि साध्या जखमेचंही रक्त लवकर थांबत नाही. कुत्र्याला नुकताच गोचीड ताप येऊन गेला असेल किंवा अंगावर गोचिड्या असून तो मलूल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नखांना हात लावू नका.

खाऊबद्दल एक सूचना. चाटायला पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल हा शब्द नाही ना, ते वाचा. हा गोडवा कुत्र्यासाठी विष आहे. मनुकेही देऊ नका. साधं दही किंवा थोडं पनीर पुरतं.

घरी करायचंच नाही असं

मांसात घुसलेलं नख, उभं चिरलेलं नख, मुळापासून हलणारं नख, हे ग्राइंडरचं काम नाही. एकापाठोपाठ एक नखं आपोआप गळून पडत असतील तर तो नखांचा आजार असू शकतो, आणि तो तपासावा लागतो.

चावायला येणाऱ्या कुत्र्याचं तोंड पट्टीने घट्ट बांधून काम उरकू नका. त्याला धापा टाकता येत नाहीत आणि तो तापतो. जाळीचा मझल, म्हणजे मुसकं, घातला तर तोंड उघडता येतं, खाऊही देता येतो, पण त्याचीही सवय आधी लावावी लागते. घरातली झोपेची किंवा अंगदुखीची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. अगदीच घाबरणाऱ्या कुत्र्याला आधी द्यायला डॉक्टर गॅबापेन्टिनसारखं औषध लिहून देतात. ती मात्रा त्या एका कुत्र्याचं वजन आणि तब्येत बघून ठरवलेली असते, तेव्हा शेजारच्या लॅबची गोळी अर्धी करून आपल्या पॉमेरियनला देऊ नका.